आज मंगळवार

संग्रहालय मंगळवारी बंद असतं.
पण टायरला दोन तास लागतील, म्हणाला गॅरेजवाला,
आणि हात पुसत पुढे म्हणाला,
किल्ली मागा की समोर किराणा दुकानात,
ते ऑर्पाला फोन करतील, ती येईल.
मंगळवारी तिला तरी दुसरं काय आहे?

आली. ऑर्पा क्लासेन, वय चौऱ्याऐंशी,
अंगात कुणा पुरुषाचं जाकीट.
मोटारीतून उतरायला तिला जेवढा वेळ लागला
तेवढ्यात माझं गाव बघून झालं:
धान्याचं एक उंच लाकडी कोठार, दोन चर्चं,
एक कुत्रा,
बाकी सगळं सास्काचेवानचं आभाळ.

संग्रहालय म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन.
रूळ कधीच उखडून नेले.
फलाट तेवढा राहिलाय, गव्हाकडे तोंड करून.

आतली थंडी बाहेरच्या थंडीपेक्षा जुनी.
एका फळीवर काटेरी तारेचे सदतीस नमुने,
खिळ्यांनी नीट ठोकलेले, फुलपाखरं ठोकतात तसे.
लोण्याचं घुसळण. बर्फावरची घसरगाडी.
दोन डोक्यांचं, पेंढा भरलेलं वासरू,
त्याच्या चार डोळ्यांतला एक कुठेतरी पडलाय.
"पोरं येतात ती याच्याचसाठी," बाई म्हणाली,
"खरं सांगायचं तर ते आमचं नाहीच.
पलीकडच्या गावाने आपलं संग्रहालय मोडलं
तेव्हा आम्ही उचलून आणलं."

प्रत्येक वस्तूखाली टाइप केलेली पट्टी.
बादलीच्यासुद्धा.
बादली: पेनर कुटुंबाकडून.
इस्त्री: कै. टोबियास डिक यांच्या सुनेकडून.
यंत्रातलं एक अक्षर दर वेळी ओळीच्या वर उडी मारतं,
म्हणजे सगळ्या पट्ट्या एकाच हाताच्या.

मग ती टेलिफोनच्या फळीसमोर थांबली.
भोकं, वायरी, पितळी टोकं.
स्टूल ओढून बसली ती थेट कामावर आल्यासारखी,
पाठ ताठ.
"अकरा वर्षं. रात्रपाळी."
चौदा नंबरात वायर खोचली, श्रवणयंत्र माझ्या कानाला लावलं.
"ऐका."
मला माझंच रक्त ऐकू आलं.

सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं तुम्हाला?
"ऐकायचं नसतं."
वायर काढून तिने जागेवर टांगली.
"यायचं."

खिडकीजवळच्या काचेखाली लहान मुलाचे बूट,
लाल, एका बुटाचं बटण तुटलेलं.
पट्टीवर:
अंदाजे १९६१. देणगीदार अज्ञात.
तेच उडी मारणारं अक्षर.

इथे तर बादलीचंही नाव माहीत आहे, मी म्हटलं.

तिने जाकिटाच्या बाहीने काच पुसली.
काच स्वच्छच होती.
"त्या हिवाळ्यात एकदा रात्री दोनला
एकोणीस नंबरवरून डॉक्टर मागितला.
डॉक्टर चाळीस मैलांवर, आणि वादळ असं
की स्वतःचा हात दिसेना.
तो निघालाय, म्हणून सांगितलं मी.
निघाला होता खरंच.
त्यांनी फोन ठेवला नाही. टेबलावर तसाच.
मीही लाइन तोडली नाही.
त्यांच्या घड्याळाची टिकटिक यायची.
मधूनच कुणी चुलीत लाकूड सारायचं."

मग?

"मग सहाच्या सुमाराला कुणीतरी फोन जागेवर ठेवला."

बराच वेळ गव्हातून वारा.
"खोकं तीस वर्षांनी पायरीवर सापडलं. चिठ्ठी नव्हती.
ती माणसं आहेत अजून.
गुरुवारी बिंगोला येतात, माझ्याच टेबलावर बसतात."

दाराशी वही होती.
नाव, गाव, अभिप्राय.
माझ्या आधीची नोंद अकरा दिवसांपूर्वीची,
पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत: वासरू आवडलं.

ती बाजूला उभी, किल्ली हातात.
वाचणार, हे उघडच होतं.
मी नाव लिहिलं, गाव लिहिलं,
पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.
मग लिहिलं,
मलाही.